साबुदाण्याएवढी चिप, सुसाट गाडी!

तळहातावर मावणारी रिमोटची कार. तिच्यात दणदणीत मोटार बसवली की ती उडायला लागेल, असं तुम्हाला वाटतं? थांबा! आधी तिच्या बोर्डावरच्या दोन काळ्या चिप बघा. वेगाची खरी चावी तिथे आहे, आणि गाडी जळण्याचं कारणही तिथेच.

रिमोटची गाडी म्हटली की डोळ्यांसमोर येतो वाढदिवसाला मिळालेला, दोन दिवसांत चाक निखळलेला खेळणा. पण ‘मिनी-झेड’ हे प्रकरण वेगळं आहे बॉस! क्योशो ही १९६३ मध्ये सुरू झालेली जपानची मातब्बर आरसी कंपनी. तिनं १९९९ मध्ये ही इवलीशी रेसर बाजारात आणली. स्केल एकास अठ्ठावीस. म्हणजे खरी गाडी साडेचार मीटरची असेल, तर ही जेमतेम सोळा सेंटिमीटर! जपानी लोक तिला ‘मिनित्सु’ म्हणतात. वर खऱ्या स्पोर्ट्स कारची हुबेहूब, चकचकीत रंगवलेली बॉडी आणि पोटात चार पेन्सिल सेल. तेही टीव्हीच्या रिमोटमध्ये असतात ते बारकेवाले.

हिच्यासाठी मैदान लागत नाही की गच्ची लागत नाही. दिवाणखान्यातलं टीपॉय सरकवलं की ट्रॅक तयार. टोकियोसारख्या शहरात, जिथे घरं काडेपेटीएवढी, तिथे ही गाडी का चालली हे मुंबईकराला वेगळं समजावून सांगायला नको.

पण गंमत पुढेच आहे. गाडी घेणाऱ्यांमधले निम्मेअधिक हात शिवशिवणारे. आठ दिवस गाडी पळवली की त्यांच्या मनात एकच प्रश्न : ‘अजून फास्ट कशी करायची?’

मोटार बदलली आणि धूर निघाला

सोपं उत्तर म्हणजे जास्त ताकदीची मोटार. मिनी-झेडच्या ब्रशवाल्या गाड्यांमध्ये ‘१३०’ साइजची मोटार असते. अनेक खेळण्यांमध्ये हीच असते, त्यामुळे कमी वेढ्यांच्या, जाड तारेच्या ‘हॉट’ मोटारी सहज मिळतात. जुनी काढा, नवी बसवा, पाच मिनिटांचं काम.

आणि मग? पहिली दोन मिनिटं सॉलिड मजा. तिसऱ्या मिनिटाला बॉडीखालून जळका वास. चौथ्या मिनिटाला गाडी खलास!

असं का होतं? मोठ्या आरसी गाडीत वेग सांभाळणारा स्पीड कंट्रोलर ही वेगळी डबी असते. मोटार मोठी घेतली की डबीही मोठी घ्यायची, विषय संपला. मिनी-झेडमध्ये एवढी जागाच नाही. रिमोटचा सिग्नल पकडणारा रिसिव्हर, स्टिअरिंग फिरवणारं सर्किट आणि मोटारीचा कंट्रोलर, सगळा संसार एकाच चिमुकल्या बोर्डावर. वन रूम किचनच म्हणा ना! त्यामुळे कंट्रोलर बदलायचा, तर आहे त्याच बोर्डावर हात चालवावा लागतो.

चार नळांचा फंडा

हा कंट्रोलर करतो काय? त्यात चार इलेक्ट्रॉनिक स्विच असतात. त्यांचं नाव मॉसफेट, लाडाचं नाव फेट. जुन्या बोर्डांवर दोन चिपमध्ये हे चार फेट बसवलेले असतात. एकेक चिप पाच मिलिमीटर लांब आणि चार मिलिमीटर रुंद, म्हणजे भिजलेल्या साबुदाण्याएवढी.

इंग्रजी ‘एच’ अक्षर डोळ्यांसमोर आणा. मधल्या आडव्या दांडीवर मोटार आणि चार पायांवर चार फेट. डावीकडचा वरचा आणि उजवीकडचा खालचा फेट चालू केला की मोटार पुढे फिरते. उलटी जोडी चालू केली की रिव्हर्स. खालचे दोन्ही चालू केले तर मोटार स्वतःशीच शॉर्ट होऊन ब्रेक लागतो. आणि चुकून एकाच बाजूचे वरचा-खालचा दोन्ही चालू झाले, तर बॅटरीच थेट शॉर्ट! या रचनेला म्हणतात एच-ब्रिज.

मग अर्धा वेग कसा मिळतो? फेट अर्धवट उघडत नाही. तो सेकंदाला शेकडो-हजारो वेळा चालू-बंद होतो. निम्मा वेळ चालू, निम्मा वेळ बंद, म्हणजे मोटारीला सरासरी निम्मा जोर. तुमचं ट्रिगरवरचं बोट फक्त हे प्रमाण बदलतं.

आता मुद्द्याची गोष्ट. फेट पूर्ण चालू असला तरी त्यात थोडा अडथळा उरतोच. नळ पूर्ण उघडला तरी पाइप शेवटी पाइपच! छोट्या फेटचा पाइप अरुंद, आणि तिथेच व्होल्ट वाया जातात.

जरा हिशेब करू. घाबरू नका, शाळेतलाच ओहमचा नियम आहे. समजा, एका फेटचा अडथळा ०.०५ ओहम. करंटच्या वाटेवर दोन फेट लागतात, म्हणजे एकूण ०.१ ओहम. तापट मोटारीनं सुटताना ५ अँपिअर ओढले, तर फेटमध्येच ०.५ व्होल्ट गेले. चार रिचार्जेबल सेलचे मिळून असतात ४.८ व्होल्ट. म्हणजे मोटारीपर्यंत पोचायच्या आधीच दहा टक्क्यांहून जास्त कमिशन कापलं! आणि ते जातं कुठे? उष्णतेत. तब्बल अडीच वॉट, दोन साबुदाण्यांवर. धूर निघेल नाहीतर काय?

मजल्यावर मजला

यावर हौशी लोकांनी काढलेला तोडगा भन्नाट आहे. जुनी चिप काढायचीच नाही. तिच्या डोक्यावर तशीच दुसरी चिप ठेवायची आणि आठही पाय खालच्या आठ पायांना सोल्डर करायचे. चाळीवर मजला चढवावा तसं. याला म्हणतात ‘स्टॅकिंग’.

आता करंटला एकाऐवजी दोन वाटा मिळाल्या. अडथळा निम्मा झाला, वाया जाणारे व्होल्ट निम्मे झाले. एकूण उष्णताही निम्मी, आणि तीसुद्धा दुप्पट चिपमध्ये वाटली गेली. म्हणजे एकेका चिपच्या वाट्याला पूर्वीच्या फक्त चौथा हिस्सा! मोटार तीच, सेल तेच, पण गाडी सुटताना कशी झटका घेते ते बघाच.

‘पण दोन चिपमधली एकच सगळा भार घेऊन जळली तर?’ हुशार आहात! इथे फेटचा स्वभाव कामी येतो. फेट तापला की त्याचा अडथळा वाढतो. त्यामुळे जास्त तापलेल्याकडून कमी करंट वाहतो आणि गार असलेला शेजारी आपोआप जास्त भार उचलतो. सोसायटीत असा शेजारी मिळायला नशीब लागतं.

मग दहा मजले का नाही चढवायचे? पुन्हा हिशेब. पहिला जादा मजला ०.२५ व्होल्ट वाचवतो. दुसरा जेमतेम ०.०८. तिसरा ०.०४. फायदा झपाट्यानं आटतो. शिवाय प्रत्येक फेटचं दार उघडायला थोडा चार्ज भरावा लागतो. मजले वाढले की ते भरायचं काम वाढतं, बोर्डावरचं सर्किट दमतं, फेट सावकाश उघडतो-मिटतो आणि त्या अधल्यामधल्या क्षणात उलट जास्त तापतो. वर बॉडीला चिप टेकते ती वेगळीच कटकट. म्हणून जाणकार एक-दोन मजल्यांवर थांबतात आणि नजर दुसरीकडे वळवतात.

दुसरीकडे म्हणजे कुठे? बोर्डावरची तांब्याची बारीक रेघ. सेल धरणाऱ्या पत्र्याच्या पट्ट्या. मोटारीला जाणारी केसाएवढी वायर. प्रत्येक ठिकाणी थोडी थोडी गळती आहेच. त्या रेघेवरून जाड वायर टाकली, पट्ट्या स्वच्छ ठेवल्या, साध्या अल्कलाइन सेलऐवजी चांगले निकेल-मेटल हायड्राइड सेल घातले, तरी फरक कळतो. अल्कलाइनवर लिहिलेले व्होल्ट जास्त असतात, पण मोठा करंट मागितला की ते बसकण मारतात. आणि व्होल्ट फारच खाली गेले तर रिसिव्हरच क्षणभर बेशुद्ध होतो. गाडी भर रेसमध्ये आचके देते.

म्हणजे या सगळ्या उद्योगात वेग बाहेरून ओतला जात नाही. सेलमध्ये तो आधीपासून होताच, वाटेत सांडत होता. सांडणं थांबवायचं, एवढंच काम. सिग्नलला गाडी अडकत असेल तर मोठं इंजिन घेऊन काय उपयोग? आधी रस्ता मोकळा हवा.

जुन्या गाडीचा डॉक्टर

‘पण आता तर ब्रशलेस गाड्या आल्यात!’ बरोबर. २००९ मध्ये आलेल्या एमआर-०३ या मॉडेलमध्ये २.४ गिगाहर्ट्‌झचा रिमोट होता. पुढच्या दशकात क्योशोनं स्वतःच ब्रशलेस मोटारीची मिनी-झेड विकायला सुरुवात केली. तिच्या कंट्रोलरमध्ये चारऐवजी सहा स्विच असतात, कारण मोटारीला तीन वायरी. एकेकाळी सोल्डरिंग गन घेऊन रात्र जागवून जे मिळवावं लागायचं, त्याहून जास्त आता खोक्यातच मिळतं.

मग हे ज्ञान फुकट गेलं का? अजिबात नाही. पहिल्या पिढीच्या गाड्या क्रिस्टलवर चालायच्या. दोघांकडे एकाच फ्रिक्वेन्सीचा क्रिस्टल असला, की तुमच्या रिमोटवर मित्राची गाडी भिंतीवर! त्या गाड्यांचे बोर्ड आता दुकानात नवे मिळत नाहीत. बोर्ड गेला की अख्खी गाडी शोकेसमध्ये. आणि हे बोर्ड मरतात ते बहुतेकदा फेटमुळेच.

लक्षणं ओळखता आली पाहिजेत. गाडी पुढे जाते पण रिव्हर्स घेत नाही, स्टिअरिंग मात्र व्यवस्थित? फेटच्या तिरक्या जोडीपैकी एक उघडेनासा झालाय. स्विच ऑन करताच रिमोटला न जुमानता सुसाट सुटते किंवा चिप लगेच चटका देते? एखादा फेट कायमचा शॉर्ट झालाय. अशा वेळी मजला चढवून भागत नाही, मेलेली चिप काढून नवी बसवावी लागते. काही रुपयांच्या चिपनं पाच आकडी किमतीची गाडी पुन्हा धावते. ज्याला फक्त मोटार बदलता येते तो गाडी कपाटात ठेवतो. ज्याला बोर्ड वाचता येतो तो ती पुन्हा ट्रॅकवर आणतो.

दिवसभर स्क्रीनवर कोड लिहिणाऱ्या, मीटिंगमध्ये मान डोलावणाऱ्या आपल्या पिढीला याची चव एकदा घ्यायलाच हवी. इथे ‘अन-डू’चं बटण नाही. सोल्डरचा एक थेंब दोन पायांच्या मध्ये सांडला की खेळ खल्लास. पण नीट जमलं, की ट्रिगर ओढल्यावर पहिल्याच सेकंदाला पावती मिळते. अप्रेझलसारखी वर्षभर वाट बघायला नको!

पहिल्यांदा करताय? हे वाचाच!

● चिप निवडताना : इथे फेटला उघडायला जेमतेम साडेचार-पाच व्होल्ट मिळतात. डेटाशीटमध्ये अडथळ्याचा आकडा ४.५ किंवा २.५ व्होल्टला दिलेला आहे ना, ते बघा. फक्त १० व्होल्टचा आकडा असेल तर ती चिप आपल्या कामाची नाही.

● जोडी जुळवा : एच-ब्रिजच्या वरच्या बाजूचे पी-चॅनल फेट जात्याच जास्त अडथळ्याचे. कमकुवत कडी तीच, तुलना करताना आधी त्यांचा आकडा बघा.

● खरेदी : मुंबईत लॅमिंग्टन रोड, पुण्यात बुधवार पेठेतली तपकीर गल्ली. दोन-चार जादाच घ्या. जुन्या बोर्डावरून उपटून पॉलिश केलेल्या चिपही बाजारात फिरतात.

● दिशा : चिपवरचा ठिपका म्हणजे पहिला पाय. वरच्या आणि खालच्या चिपचे ठिपके एकावर एक आलेच पाहिजेत. पायांमधलं अंतर फक्त १.२७ मिलिमीटर, तेव्हा बारीक टोकाची सोल्डरिंग आयर्न, फ्लक्स आणि भिंग हाताशी ठेवा.

● वीज लावण्यापूर्वी : शेजारचे पाय एकमेकांना चिकटले नाहीत ना, हे मल्टिमीटरनं तपासा. पहिली चाचणी साध्या मोटारीवर, चाकं हवेत ठेवून.

● नको ते धाडस : जुन्या बोर्डाला दोन सेलची लिथियम पॉलिमर बॅटरी जोडू नका. पूर्ण चार्ज झाल्यावर ती ८.४ व्होल्ट देते, बोर्ड क्षणात गार!

● रेसला जाताना : क्लबचे नियम विचारा. ‘स्टॉक’ गटात मजला चढवलेला बोर्ड चालेलच असं नाही. आणि एकदा बोर्डाला सोल्डर लागलं की वॉरंटी विसरा.

तेव्हा या वीकेण्डला कपाटावरचं ते धूळ खात पडलेलं खोकं खाली काढा. चार स्क्रू सोडवा आणि आत डोकावा. दोन काळे साबुदाणे दिसले? बस्स, सुरुवात तिथूनच!