वावडे नेमके कशाचे?

जेवणानंतर अर्ध्या तासात लहान मुलाच्या अंगावर लाल, खाजऱ्या गांधी उठल्या, की आपल्याकडे 'पित्त उठले' म्हणतात आणि आमसुलाचे पाणी लावतात. काही तासांत गांधी मावळतात, श्रेय आमसुलाला मिळते, आणि मूल काय जेवले होते हे विचारायचे राहूनच जाते. पित्तरसाशी या गांधींचा संबंध नाही. लहान मुलांत त्या पुष्कळदा साध्या विषाणुसंसर्गानेही उठतात. पण एकच पदार्थ खाल्ल्यावर दर वेळी उठत असतील, तर त्याचे वावडे, म्हणजेच ॲलर्जी, असल्याची शंका घ्यावी.

वावडे म्हणजे शरीरात काय घडते? १९२१ साली जर्मनीतील प्राउसनिट्स आणि क्युस्टनर या डॉक्टरांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. क्युस्टनर यांना मासे सोसत नसत. त्यांचा रक्तरस प्राउसनिट्स यांनी स्वतःच्या कातडीत टोचून घेतला आणि दुसऱ्या दिवशी त्याच जागी माशाचा अर्क टोचला. माशांचे वावडे नसलेल्या प्राउसनिट्स यांच्या अंगावर तेवढ्याच जागी गांध उठली! (असे रक्तरस टोचणे आज कोणी करू देणार नाही; त्यातून कावीळही जाऊ शकते.) रक्तरसातून गेले ते काय, हे कळायला १९६६-६७ साल उजाडावे लागले. ती आय-जी-ई नावाची प्रतिपिंडे होती. ती कातडी, आतडी, श्वासनलिका यांतील मास्ट पेशींना चिकटून बसतात. ओळखीचे प्रथिन आले, की या पेशी हिस्टामीन आणि इतर द्रव्ये बाहेर टाकतात. गांधी, सूज, उलटी, दम हे सारे त्यातूनच.

दुधातली साखर न पचणे ही निराळी गोष्ट. दुधाचे वावडे असते ते त्यातील प्रथिनांचे. म्हणून 'गाईचे सोसत नाही, तर म्हशीचे किंवा शेळीचे द्या' हा सल्ला धोक्याचा आहे. तिन्हींतील प्रथिने फार सारखी असतात.

शोधाचे पहिले साधन म्हणजे साधी वही. काय खाल्ले, किती, आणि किती मिनिटांनी काय झाले? आय-जी-ईमुळे होणारा त्रास बहुधा दोन तासांच्या आत दिसतो. पालक मात्र थेट पन्नास पदार्थांची रक्तचाचणी करून घेतात आणि अहवालातले दहा पदार्थ बंद करतात. ही चाचणी फक्त प्रतिपिंडे आहेत एवढेच सांगते. कर्नाटकातील प्रौढांच्या एका पाहणीत (२०१६) चौथ्या हिश्शाहून अधिक लोकांत अशी प्रतिपिंडे सापडली. खरे वावडे असण्याचा संभव शेकडा सव्वा लोकांतच होता. शंका उरली तर रुग्णालयात, डॉक्टरांसमोर, अगदी थोड्या मात्रेपासून तो पदार्थ खाऊ घालून पाहतात. हा प्रयोग घरी मुळीच करू नये.

उगाच पदार्थ बंद करणे निरुपद्रवीही नसते. अमेरिकेत २००० साली बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने जोखमीच्या बाळांना तीन वर्षांपर्यंत शेंगदाणा देऊ नये असे सांगितले. २००८ साली तो सल्ला मागे घेतला. पुढे लंडनमध्ये तीव्र इसब किंवा अंड्याचे वावडे असलेल्या ६४० बाळांवर प्रयोग झाला. २०१५ साली निष्कर्ष आले: शेंगदाणा टाळलेल्यांपैकी शेकडा १७.२ मुलांना पाचव्या वर्षी त्याचे वावडे होते, नियमित खाल्लेल्यांपैकी शेकडा ३.२ मुलांना. दुधाचे आणि अंड्याचे वावडे तर बहुतेक मुलांत वाढत्या वयात जाते, म्हणून अधूनमधून पुन्हा तपासून घ्यावे लागते.

वावडे नक्की झाले, की मात्र तो पदार्थ पूर्ण वर्ज्य. शेंगदाण्याचा कूट खिचडीत असतो, कोशिंबिरीत असतो, आणि मैत्रिणीच्या डब्यातही असतो. शिक्षकांचा संबंध येतो तो इथे. वाढदिवसाच्या खाऊच्या वेष्टनावरील घटक वाचावेत. आवाज घोगरा झाला, दम लागला, मूल उलट्या करून गळून गेले, तर ॲलर्जीच्या गोळीवर विसंबू नये. मुलाला आडवे निजवावे, दम लागत असेल तर बसू द्यावे, पण चालवू नये. मांडीच्या बाहेरच्या बाजूस स्नायूत ॲड्रिनलीनचे इंजेक्शन हाच खरा उपाय. ते मिळेल अशा दवाखान्यात वाहनाने ताबडतोब न्यावे. बरे वाटले तरी लगेच घरी पाठवू नये, कारण काही तासांनी त्रास पुन्हा उसळू शकतो.