बोट लिफ्ट घेताना आधी वजनाचा हिशेब

पर्यटकांना खाडीत फिरवणारी बोट घेतली, स्वतःचा धक्का बांधला, तरी बोट कायम खाऱ्या पाण्यात ठेवणे परवडत नाही. तळाला शेवाळ, कालवे धरतात. त्यासाठी बोट पाण्याबाहेर उचलून ठेवणारी लिफ्ट उपयोगी पडते. मात्र ती घेताना किंमतीआधी वजन पाहावे.

कंपनीच्या पत्रकात बहुधा रिकाम्या बोटीचे वजन असते. त्यात इंजिन, बॅटऱ्या, नांगर व इंधन मिळवावे. 300 लिटर डिझेलच सुमारे 250 किलो भरते. एकूण वजनापेक्षा लिफ्टची क्षमता बरीच जास्त असावी. जुना धक्का हा भार पेलेल का, हे अभियंत्याकडून तपासून घ्यावे.

कोकणात भरती-ओहोटीतला फरक मोठा. ओहोटीला बोट लिफ्टवर घेता यावी आणि उधाणातही ती लाटांच्या वर राहावी, इतकी उचल हवी.

पावसाळ्यात बोट वर असताना तळाचे बूच काढून ठेवावे. 10 चौरस मीटरच्या सपाट तळावर 10 सेंटीमीटर पाणी साचले तरी एक टन वजन वाढते. लिफ्टचा दोर तुटायला तेवढे पुरे. बोट पाण्यात सोडण्यापूर्वी बूच पुन्हा घट्ट बसवायला मात्र विसरू नये.