कागदावर उतरलेली चीज

कुरुंदवाडात १८७२ साली गायक विष्णू दिगंबर पलुस्करांचा जन्म झाला, तेव्हा सरकारदरबारी पुस्तकाला मालक होता. १८४७च्या कायद्याने ग्रंथकाराला हक्क दिला होता. पण दावा लावायचा तर आधी पुस्तक सरकारी नोंदवहीत चढवावं लागे. १८६७च्या पंचविसाव्या कायद्याने छापखान्यांना प्रती सरकारजमा करायला लावल्या. दोन रुपये भरले की तीच नोंद हक्काचीही धरली जाई. जुन्या मराठी पुस्तकांवर या कायद्याचा उल्लेख आणि सर्व हक्क स्वाधीन ठेवल्याची ताकीद भेटते, ती त्यामुळे.

गवयाचा बंदोबस्त वेगळा होता: चीज, म्हणजे बंदिश, कागदावर उतरूच द्यायची नाही. वर्षानुवर्षं सेवा करावी तेव्हा अस्ताई, म्हणजे चिजेचा पहिला भाग, पदरात पडे. पुढचा अंतरा मिळेलच याची खात्री नसे. फटाक्याने दृष्टी अधू झालेला विष्णू मिरजेला बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे शिकला, तोही गुरुमुखातूनच.

पुढे त्यानेच ही वहिवाट मोडली. ५ मे १९०१ रोजी लाहोरात गांधर्व महाविद्यालय निघालं. वर्गात शिकवायचं तर पुस्तक हवं आणि पुस्तकाला स्वरलिपी. पलुस्करांनी स्वतःची स्वरलिपी बसवली, पुस्तकं छापली. ज्या चिजेसाठी उमेदवारी करावी लागे, ती आता विकत मिळू लागली. त्यातून पंडितजी श्रीमंत झाले नाहीत. कर्जापायी पुढे मुंबईत काढलेल्या महाविद्यालयाची इमारत लिलावात गेली.

कायदा मात्र कागदालाच धरून राहिला. १९१४च्या कायद्याने नोंदणीची अट गेली. १९५७च्या कायद्याने लिहिलेल्या वा छापलेल्या रचनेलाच संगीतकृती मानलं. मैफलीत सुचलेली, शिष्याच्या गळ्यात राहिलेली बंदिश या व्याख्येत बसत नव्हती. ती अट १९९४च्या दुरुस्तीने काढली. दुरुस्ती १० मे १९९५ला अमलात आली.

अट गेली, पुराव्याचा प्रश्न उरला. ध्रुपद गायक डागर बंधूंच्या ‘शिवस्तुती’ या रचनेवरून संगीतकार ए. आर. रहमान यांच्याविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात दावा झाला. एप्रिल २०२५मध्ये अंतरिम आदेश डागरांच्या बाजूने लागला. सप्टेंबरात खंडपीठाने तो रद्द केला. चीज गायली म्हणून ती रचली असं ठरत नाही, हा त्यातला कळीचा मुद्दा.

आज संगीतकृतीच्या नोंदणीला पाचशे रुपये लागतात. हरकतींसाठी तीस दिवस थांबतात. नोंदणी सक्तीची नाही, हे मुंबई उच्च न्यायालयाने २०२१मध्ये पुन्हा सांगितलं. हक्क रचनेबरोबरच जन्मतो. नोंदणी त्याला तारखेचा आधार देते.

पलुस्कर २१ ऑगस्ट १९३१ला गेले. त्यांच्या लेखनाचे हक्क मृत्यूनंतर पन्नास वर्षांनी, १९८१च्या अखेरीस संपले. आता ती पुस्तकं कुणीही छापावीत. पण ती उघडल्याशिवाय कुणी जुन्या चिजेवर आपलं नाव चढवू नये. तिची तारीख तिथे आधीच पडलेली असायची.