जुन्या वाड्यांचें सुटें सामान : निवड, वाचन व नोंद

(१) विषय

जुन्या घराचे भाग नव्या बांधकामांत पुन्हां वापरण्याची चाल आपल्याकडे पूर्वापार आहे. मोठ्या तुळईचा तुकडा लहान खणास कडी म्हणून चढतो, पडक्या जोत्याचे चिरे पायऱ्यांस लागतात, आजोबांच्या दाराचा कोयंडा नातवाच्या दारास बसतो. यांत काटकसर असते, तशीच वडिलार्जित वस्तूविषयीं आस्थाहि असते. परंतु अलीकडे या चालीस निराळें वळण लागलें आहे. ज्यांचा मूळ वाड्याशीं कसलाहि संबंध नाहीं, असे गृहस्थ पाडलेल्या वाड्यांचे खांब, चौकटी व दरवाजे विकत घेऊन आपल्या नव्या किंवा दुरुस्त केलेल्या घरांत बसवितात. अशा वस्तु निवडाव्या कशा, इतिहासाचें साधन म्हणून वाचाव्या कशा व त्यांची नोंद ठेवावी कशी, एवढाच प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

हस्तलिखितांच्या संग्राहकांस हा विषय परका वाटण्याचें कारण नाहीं. वाडा पडूं लागला म्हणजे कागद रद्दीवाल्याकडे व लांकूड लांकूडवाल्याकडे बहुधा एकाच आठवड्यांत, एकाच दिंडीदरवाजांतून बाहेर पडतें. रुमालांतून सुटलेल्या एकट्या पत्राची किंमत कशी घटते, हें या त्रैमासिकाच्या वाचकांस सांगावयास नको. घरांतून सुटलेल्या खांबाची गोष्टहि तीच आहे.

(२) पुनर्वापराच्या दोन बाजू

जुनें सामान पुन्हां वापरणें हें इतिहासाच्या दृष्टीनें हितकर कीं अहितकर, याचें उत्तर दोन्ही बाजूंनीं देतां येतें. इ. स. १८५० नंतरच्या दशकांत लाहोर-मुलतान लोहमार्गाच्या भरावासाठीं हडप्पा येथील टेकाडांतून विटा नेण्यांत आल्या. सुमारें शंभर मैलांच्या मार्गास पुरतील इतक्या विटा तेथून गेल्याची नोंद कनिंगहॅम यांनीं केली आहे. त्या विटा किती प्राचीन नगराच्या होत्या, हें इ. स. १९२१ मध्यें तेथें उत्खनन सुरू झाल्यावर उमगूं लागलें. तोंपर्यंत वरचे थर कायमचे गेले होते.

उलट पक्षीं भरहुतचें उदाहरण पाहावें. इ. स. १८७३ मध्यें कनिंगहॅम तेथें पोंचले, तेव्हां स्तूपाचा मोठा भाग आसपासच्या खेड्यांतील लोकांनीं घरें बांधण्यासाठीं उचलून नेला होता. तरीहि घरांच्या भिंतींत अडकलेले कित्येक दगड पुढें हातीं आले, व कांहीं अलाहाबादच्या संग्रहालयांत दाखल झाले. हडप्प्याची वीट भरावांत मिसळून नाहींशी झाली. भरहुतचा दगड भिंतींत राहिला म्हणून सांपडला. शिवाय भरहुतच्या दगडांवर दात्यांचीं नांवें व कथांचीं शीर्षकें ब्राह्मी लिपींत कोरलेलीं असल्यामुळें सुटा तुकडाहि आपली ओळख सांगूं शकला.

आपल्या जवळचें उदाहरण वसईच्या घंटांचें. इ. स. १७३९ मध्यें वसई सर झाल्यावर तेथील चर्चांच्या घंटा मराठ्यांनीं देशावर आणून देवळांत टांगल्या. नाशिकच्या नारोशंकराच्या देवळांतील घंटा प्रसिद्धच आहे. तिजवर १७२१ हा सन आहे. घंटा कोठेंहि टांगली तरी तिचा सन तिजबरोबर जातो. सागवानी खांबावर असा लेख सहसा नसतो. तो मूळ जागेवरून हालला कीं मुका होतो. म्हणून पुनर्वापर हा इतिहासाचा शत्रु नव्हे. हकीकतीवांचून झालेलें स्थलांतर हा त्याचा शत्रु आहे.

(३) हें सामान येतें कोठून

पेशवाईच्या काळांतील व नंतरचा वाडा म्हणजे काळ्या दगडाचें जोतें, त्यावर सागवानी खांब-तुळयांचा सांगाडा, आणि मधल्या भिंती विटांच्या किंवा मातीच्या, अशी सर्वसाधारण रचना असे. घराचें माप खणांनीं मोजीत. सांगाडा लांकडी असल्यामुळें तो उलगडून दुसरीकडे उभा करतां येतो. हेंच त्याचें वैशिष्ट्य व हाच त्याच्या विक्रीचा मार्ग. उलट आगीपुढें तो टिकत नाहीं. शनिवारवाड्याची वास्तुशांत इ. स. १७३२ मध्यें झाली, इ. स. १८२८ च्या आगीनंतर तट, दरवाजा व जोतीं राहिलीं, लांकूडकाम गेलें. पुण्यांतील बुधवारवाडा इ. स. १८७९ च्या मे महिन्यांत जळाला. यावरून उरलेल्या लांकडाचें मोल ध्यानांत यावें.

पुढील काळांत आगीपेक्षां अन्य कारणें प्रबळ झालीं. इ. स. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्यानंतर भाड्याच्या उत्पन्नांतून जुन्या वाड्यांची दुरुस्ती होणें कठीण झालें. इ. स. १९६१ च्या जुलैंत पानशेतचें धरण फुटून नदीकांठच्या पेठांतील अनेक घरें पडलीं. इ. स. १९९३ च्या सप्टेंबरांत किल्लारीच्या भूकंपानें लातूर व धाराशिव भागांतील दगडमातीचीं माळवदाचीं घरें कोसळलीं. यांखेरीज नव्या इमारतींसाठीं रोजच्या रोज होणारी पाडापाड आहेच.

निघालेलें सामान पाडकामाच्या ठेकेदाराकडून जुन्या लांकडाच्या वखारींत व तेथून पुण्याचा जुना बाजार, मुंबईचा चोरबाजार अशा ठिकाणीं पोंचतें. तमिळ प्रांतांतील चेट्टिनाडचीं मोठीं घरें पडतात, तेव्हां त्यांचें ब्रह्मदेशी सागवान व खांब कारैकुडीच्या दुकानांत येतात. त्यामुळें मुंबईंत घेतलेला खांब मराठी वाड्याचाच असेल असें धरून चालूं नये.

(४) वस्तु वाचावी कशी

लांकडावर अक्षर नसलें तरी खुणा असतात. त्या पुढील क्रमानें पाहाव्या.

पहिली खूण हत्याराची. तासणीनें घडलेल्या पृष्ठभागावर उथळ, खवल्यांसारखे खळगे दिसतात. दोघांनीं ओढलेल्या मोठ्या करवतीच्या रेषा सरळ पण कमी-अधिक अंतराच्या असतात. यांत्रिक गोल करवतीच्या रेषा कमानीसारख्या वळलेल्या असतात. त्या दिसल्या तर ती फळी पेशवाईंतील नव्हे. दर्शनी बाजू रंधलेली असते, म्हणून हे पुरावे मागल्या बाजूस शोधावे.

दुसरी खूण सांध्याची. कुसूं बसविण्यासाठीं पाडलेलें साल रिकामें दिसलें, म्हणजे तेथें पूर्वीं दुसरें लांकूड जोडलेलें होतें. अशा सालांच्या जागा मोजल्या असतां मूळ खणाचें माप व कड्यांमधील अंतर काढतां येतें. ज्या सालांस सध्यांच्या घरांत कांहींच अर्थ लागत नाहीं, तीं त्याच्याहि आधीच्या घराची साक्ष होत. जोडणी चुकूं नये म्हणून सुतार सांध्याच्या दोन्ही अंगांस रेघा, टिंबें किंवा आंकडे करून ठेवतात. ते रंधून टाकूं नयेत.

तिसरी खूण लोखंडाची. लोहारानें ठोकलेला खिळा चौकोनी व टोंकाकडे निमुळता असतो. तारेचा गोल खिळा एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सर्रास झाला. टोंकदार मळसूत्री खिळा त्याच शतकाच्या मध्यानंतरचा. त्यापूर्वींचे बोथट टोंकाचे असत. लोखंडी तुळईवर कारखान्याचें नांव उठविलेलें असतें. विलायतेंतील डॉर्मन लाँग कंपनी इ. स. १८७५ ची, आणि जमशेदपूरच्या टाटा कारखान्यांतून पोलाद निघूं लागलें तें इ. स. १९१२ पासून; त्याआधीच्या बांधकामांत तीं नांवें असणें संभवत नाहीं. मंगळुरी कौलांचेंहि तसेंच. बाझल मिशनचा मंगळूर येथील कौलांचा कारखाना इ. स. १८६५ चा, पुढें अनेक कारखाने निघाले व ते आपलें नांव कौलावर उठवीत.

येथें एक नियम पाळावा. खिळ्याचा काळ तो खिळ्याचा. तो लांकडास लावूं नये. नवें कौल जुन्या घरावर चढतें, आणि जुनी तुळई नव्या घरांत शिरते. अशा खुणांवरून बहुधा “अमुक सालानंतरचें” एवढेंच म्हणतां येतें.

चौथी खूण खुद्द लांकडाची. सागाच्या खोडांत वार्षिक वलयें स्पष्ट उमटतात. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेनें त्या वलयांवरून गत काळांतील पर्जन्यमानाचा अभ्यास केला आहे. तेव्हां तुळईचें आडवें कापलेलें टोंक हा एक प्रकारचा कालनिर्देशक लेखच समजावा. मात्र सुतार बाहेरचें पांढरें, कच्चें लांकूड तासून टाकतो, त्यामुळें शेवटचीं वलयें हरवतात, व झाड नेमकें केव्हां तोडलें तें त्यावरून कळत नाहीं. टोंक कापणें भागच असेल तर कापलेली चकती जपून ठेवावी.

(५) निवड

घर उभें करावयाचें तर केवळ जुनेपणा पाहून भागत नाहीं. तुळई हातोडीनें ठोकून पाहावी. खणखणीत नाद निघाला तर बरें, बद्द आवाज आला तर आंत पोकळी समजावी. भिंतींत पुरलेलें टोंक ओलीनें प्रथम कुजतें, म्हणून तें टोंच्यानें तपासावें. ताजी भुकटी गळत असेल तर कीड जिवंत आहे. मध्यावर खालच्या अंगास मोठें साल असलेली तुळई भारासाठीं वापरूं नये. ती चौकटीस किंवा कठड्यास लावावी. चुन्यांत बांधलेल्या विटा खरवडून सुट्या होतात. सिमेंटांत बांधलेल्या सुट्या करतांना फुटतात. जुन्या तैलरंगांत शिसें असण्याचा संभव असल्यामुळें तो कोरडा घासूं नये.

सर्वांत मोठा अपाय पॉलिशवाल्याकडून होतो. दार चकचकीत व्हावें म्हणून यंत्रानें घासलें कीं हत्याराच्या खुणा, गेरू-काजळीचे थर, सुताराचे आंकडे हीं सर्व एका दुपारीं जातात. पोथी बांधतांना समास छाटून टीपा कापून टाकणारा बांधणीवाला व हा कारागीर यांची जात एकच.

फसवणुकीपासूनहि जपावें. एका गांवची चौकट, दुसऱ्या गांवचें दार आणि वर कालच कोरलेली गणेशपट्टी, असा संच “अमक्या सरदाराच्या वाड्यांतील” म्हणून विकला जातो. चौकटीवरील बिजागरीच्या जुन्या खळग्या व दारावरील खळग्या एकमेकांशीं जुळतात कीं नाहीं, एवढें पाहिलें तरी पुष्कळ उलगडा होतो. विक्रेत्याची तोंडी हकीकत लिहून घ्यावी, पण “विक्रेता म्हणतो” अशा शब्दांनींच लिहावी.

(६) नोंद

प्रत्येक नगाचें टिपण पुढील कलमांनीं ठेवावें : मूळ गांव व पेठ, वाडा कोणत्या काळचा मानला जातो व कशाच्या आधारें, नग कोणत्या मजल्यावर, कोणत्या दिशेस, कितव्या खणांत होता, केव्हां व कोणत्या कारणानें काढला, कोणाकडून घेतला, लांबी, रुंदी व जाडी, सर्व खुणांचें वर्णन, मोजपट्टी ठेवून घेतलेलीं चारी बाजूंचीं छायाचित्रें, केलेली दुरुस्ती, आणि नवी जागा. नगावर न दिसणाऱ्या अंगास क्रमांक घालावा व तोच टिपणांत द्यावा. दुरुस्तींत घातलेल्या नव्या लांकडावर चालू सन कोरावा, म्हणजे पुढील संशोधकाची दिशाभूल होणार नाहीं. टिपणाची एक प्रत घराच्या खरेदीखतासोबत व दुसरी एखाद्या इतिहासमंडळाच्या दप्तरांत असावी. कारण घरें विकलीं जातात आणि वारसांस आठवण राहत नाहीं.

हकीकतीसह स्थलांतर झाल्यास काय साधतें, याचें उदाहरण पुण्यांतच आहे. कोथरूडच्या मस्तानीमहालाचे अवशेष दिनकर गंगाधर केळकर यांनीं आपल्या संग्रहालयांत आणून पुन्हां जोडले. महाल मूळ जागीं राहिला नाहीं, परंतु तो कोठला हें माहीत आहे. म्हणून त्यावर विचार व वादहि करतां येतो.

(७) दोन सूचना

पहिली कायद्याची. इ. स. १९७२ च्या पुरावस्तूंविषयींच्या कायद्याप्रमाणें शंभर वर्षांहून कमी नसलेला, इमारतीपासून सुटा केलेला भागहि पुरावस्तूच्या व्याख्येंत येतो; हस्तलिखितांस ही मुदत पंचाहत्तर वर्षांची आहे. अशी वस्तु खाजगी इसमास परदेशीं पाठवितां येत नाहीं, तिचा व्यापार करणारास परवाना लागतो, व अधिसूचित वर्गांतील वस्तूंची नोंदणी करावी लागते. खरेदीपूर्वीं याची खात्री करून घ्यावी.

दुसरी सूचना अधिक महत्त्वाची आहे. कोरीव खांबास चांगली किंमत येते असें कळलें, म्हणजे उभ्या वाड्याच्या मालकास तो पाडण्याचा मोह होतो. जो संग्राहक आपणास रक्षणकर्ता समजतो, त्याचीच मागणी कित्येकदां कुदळीस धार लावते. म्हणून जें घर दुरुस्तीनें उभें राहण्यासारखें आहे, त्याचा एकहि नग विकत घेऊं नये. आधीं दुरुस्तीचा मार्ग सुचवावा. जें पडलेंच आहे वा पाडण्याचें पक्कें ठरलें आहे, त्याचें सामान अवश्य घ्यावें, आणि शक्य तर पाडकामाच्या पहिल्या दिवशींच तेथें हजर राहावें. खांबाची मूळ जागा त्याच दिवशीं पाहावयास मिळते. माळ्यावरचे व कोनाड्यांतले कागदहि त्याच दिवशीं बाहेर येतात. दुसऱ्या दिवशीं खांब वखारींत असतो व कागद तराजूंत.