धानापासून तांदळापर्यंत

(आपल्या परिसरातील राईस मिलच्या उदाहरणातून कारखान्यातील उत्पादनाचे नियोजन कसे चालते, ते प्रस्तुत पाठात सांगितले आहे. यंत्रे चांगली असली, तरी कामाचा मेळ बसला नाही तर माल, वेळ आणि मेहनत वाया जाते, हे या पाठातून लक्षात येते.)

वैनगंगेच्या खोऱ्यातील भंडारा जिल्हा तलावांसाठी आणि धानासाठी प्रसिद्ध आहे. कोकणात व पश्चिम महाराष्ट्रात ज्या पिकाला भात म्हणतात, त्यालाच आपल्याकडे धान म्हणतात. दिवाळीच्या सुमारास धानाची कापणी आणि मळणी सुरू होते. मग पोत्यांनी भरलेले ट्रॅक्टर खरेदी केंद्रांकडे व राईस मिलकडे जाताना दिसतात. तुमसरची बाजारपेठ तर तांदळासाठी दूरवर ओळखली जाते.

धान हा राईस मिलचा कच्चा माल आणि तांदूळ हा तिचा पक्का माल. कच्च्या मालावर क्रमाक्रमाने काम करून पक्का माल तयार करणे, याला उत्पादन म्हणतात. काय तयार करायचे, किती करायचे, केव्हा करायचे, कोणत्या यंत्रावर आणि कोणी करायचे, हे आधी ठरवणे आणि ठरल्याप्रमाणे काम होते की नाही यावर लक्ष ठेवणे, याला उत्पादनाचे व्यवस्थापन म्हणतात.

पूर्वी हे सगळे काम घरात होत असे. घरातली बाई धान उन्हात वाळवी, दाणा दाताखाली धरून तो वाळला की नाही ते पाही. मग उखळात घालून मुसळाने सडी, सुपाने पाखडी आणि कणी वेगळी काढी. काही घरांत पायाने चालवायची ढेकी होती. माल, वेळ, दर्जा आणि हिशेब हे सारे तिच्या एकटीच्या डोक्यात असे. गिरणीत मात्र वाळवणारा एक, यंत्र चालवणारा दुसरा आणि पोती शिवणारा तिसरा असतो. काम वाटले गेले, की त्याचा मेळ घालणारे कोणीतरी लागते. व्यवस्थापनाची गरज इथूनच सुरू होते.

आता गिरणीतील कामाचा क्रम पाहू. प्रथम धान चाळून त्यातील माती, काडीकचरा आणि खडे काढले जातात. स्वच्छ धान शेलर नावाच्या यंत्रात जाते. शेलरमध्ये दोन रबरी रोल एकमेकांच्या विरुद्ध दिशेने, पण कमी-अधिक वेगाने फिरतात. त्यांच्यामधून जाताना दाणा जणू चिमटीत सापडतो आणि त्याचे टरफल, म्हणजे तूस, निघते. हवेच्या झोताने हलके तूस उडवून बाजूला केले जाते. काही दाणे न सोललेलेच राहतात. सेपरेटर ते वेगळे काढतो आणि पुन्हा शेलरकडे पाठवतो. सोललेला तांदूळ तपकिरी असतो. पॉलिशरमध्ये तो घासला जातो, तेव्हा त्यावरचा कोंडा निघतो आणि तांदूळ पांढरा होतो. शेवटी चाळण्यांनी अख्खा तांदूळ आणि कणी वेगळी करतात. मोठ्या गिरण्यांत सॉर्टेक्स नावाचे यंत्र असते. त्यातला कॅमेरा काळा-पिवळा दाणा टिपतो आणि हवेचा झोत तो दाणा बाहेर फेकतो. मग वजन होते, पोते शिवले जाते आणि माल गोदामात जातो.

या क्रमात एक नियम दडलेला आहे. समजा, धानाच्या हिशेबाने एका गिरणीचे स्वच्छता यंत्र तासाला ४ टन, शेलर ३ टन, सेपरेटर २ टन आणि पॉलिशर ३ टन माल काढू शकतो. तर ती गिरणी तासाला किती धान भरडू शकेल? कोणी ४ म्हणेल, कोणी सरासरी काढून ३ म्हणेल. खरे उत्तर २ टन हे आहे. अरुंद पांदीतून बंड्यांची रांग चालली असेल, तर पुढच्या थकलेल्या बैलाच्या चालीनेच मागच्या सर्वांना चालावे लागते. तसेच गिरणीचा वेग तिचे सर्वांत संथ यंत्र ठरवते.

मालकाने पैसे खर्चून ५ टनांचा नवा शेलर आणला, तरी गिरणी २ टनच काढील. सेपरेटरपुढे मालाचा ढीग मात्र वाढेल. म्हणून जाणता व्यवस्थापक आधी संथ जागा शोधतो आणि तिची जास्त काळजी घेतो. स्वच्छता यंत्र तासभर बंद पडले, तर नंतर वेगाने काम करून ती तूट भरून काढता येते. सेपरेटर तासभर बंद पडला, तर संपूर्ण गिरणीचा तो तास गेला. तो परत मिळत नाही. म्हणून जेवणाच्या सुट्टीतही कामगारांनी पाळी लावून ते यंत्र चालू ठेवावे लागते.

दुसरा नियम दर्जाचा आहे. तुटलेला दाणा पुन्हा जोडता येत नाही. कापणीच्या वेळी धानात ओलावा पुष्कळ असतो. भरडाईच्या वेळी तो सुमारे १४ टक्के असावा लागतो. धान ओले असेल, तर दाणा मऊ पडतो आणि नीट सोलला जात नाही. ते फार सुकले किंवा कडक उन्हात घाईने वाळवून रात्री दवात राहिले, तर दाण्याला आतून बारीक तडे जातात. हे तडे बाहेरून दिसत नाहीत. दाणा शेलरमध्ये किंवा पॉलिशरमध्ये मोडतो आणि दोष मात्र यंत्राला दिला जातो. चूक खळ्यावर झालेली असते आणि ती उघड होते गिरणीत. म्हणून दर्जाची तपासणी शेवटी एकदाच करून भागत नाही. ती प्रत्येक टप्प्यावर करावी लागते. जपानमधील टोयोटा मोटारींच्या कारखान्यांत दोष दिसताच साध्या कामगारालाही तो कळवता येतो आणि गरज पडल्यास काम थांबवता येते. दोष पुढे जाऊ देण्यापेक्षा काम थोडे थांबलेले बरे, हा त्यामागचा विचार आहे.

थोडीशी कणी वाढली, तर काय बिघडले, असे वाटेल. हिशेब करून पाहा. सरकारी धानाच्या भरडाईत एक क्विंटल धानामागे ६७ किलो साधा तांदूळ द्यावा लागतो. समजा, एक गिरणी दिवसाला २०० क्विंटल धान भरडते आणि निष्काळजीपणामुळे क्विंटलमागे एक किलो तांदूळ वाया घालवते. म्हणजे एका दिवसात २०० किलो तांदूळ गेला. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्यात प्राधान्य कुटुंबातील माणशी महिन्याला ५ किलो धान्य ठरवलेले आहे. म्हणजे ४० माणसांचे महिन्याचे रेशन एका गिरणीने एका दिवसात मातीत घातले. व्यवस्थापन हा केवळ मालकाच्या नफ्याचा विषय नाही, तो गरिबाच्या ताटाशीही जोडलेला आहे.

दर्जा म्हणजे काय, हाही विचार करण्यासारखा प्रश्न आहे. ग्राहकाला पांढराशुभ्र तांदूळ आवडतो. पण पॉलिश करताना कोंड्याबरोबर ब गटातील जीवनसत्त्वेही निघून जातात. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आइकमन या डच डॉक्टराने जावा बेटावर कोंबड्यांवर प्रयोग केले. केवळ पॉलिश केलेला तांदूळ खाणाऱ्या कोंबड्यांना बेरीबेरीसारखा रोग होतो, असे त्याला आढळले. १९३४ साली महात्मा गांधींनी स्थापन केलेल्या अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाने वर्ध्याच्या मगनवाडीतून हातसडीच्या तांदळाचा प्रचार केला, त्यामागे पोषण आणि रोजगार ही दोन्ही कारणे होती. उकडा तांदूळ हा यातला एक मधला मार्ग आहे. धान भिजवून, वाफवून व वाळवून मग भरडले, तर काही जीवनसत्त्वे दाण्याच्या आत शिरतात. शिवाय दाणा टणक होऊन कमी तुटतो.

तिसरा नियम मालाच्या जातींचा. आपल्या जिल्ह्यातील चिन्नोर हा बारीक व सुगंधी तांदूळ आहे. त्याला भौगोलिक मानांकन मिळाले आहे. शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यातील दादाजी खोब्रागडे या शेतकऱ्याने एचएमटी ही बारीक जात निवडून तयार केली. त्या काळी लोकप्रिय असलेल्या घड्याळावरून तिला हे नाव पडले. अशा बारीक जातीनंतर लगेच जाडा धान घ्यायचा असेल, तर यंत्रे व एलेव्हेटर रिकामे करून झाडावे लागतात आणि रोलमधील अंतर पुन्हा जुळवावे लागते. तसे केले नाही, तर चिन्नोरमध्ये जाडा तांदूळ मिसळतो आणि त्याचा भाव पडतो. दिवसातून पाच वेळा जात बदलली, तर पाच वेळा गिरणी थांबते. म्हणून सारख्या जातीचे धान एकत्र करून भरडण्याचे वेळापत्रक आधीच आखतात.

चौथा नियम साठ्याचा. धान येते हंगामात, पण तांदूळ लागतो वर्षभर. म्हणून साठा करावा लागतो. पोती जमिनीवर न ठेवता लाकडी फळ्यांवर आणि भिंतीपासून दूर रचावीत, आधी आलेला माल आधी काढावा, ओलावा, उंदीर व किडी यांच्यावर नजर ठेवावी, हे गोदामाचे साधे नियम आहेत. साठा फार झाला, तर पैसा अडकतो आणि माल खराब होतो. फार कमी झाला, तर यंत्र रिकामे राहते. कधी धान असते, वीज असते, मजूर असतात, पण बारदाना नसतो. मग तयार तांदूळ भरायचा कशात? एका रिकाम्या पोत्यासाठी सारे काम अडते.

चांगल्या गिरणीत काहीच टाकाऊ नसते. १०० किलो धानातून सुमारे २० किलो तूस निघते. ते बॉयलरमध्ये व वीटभट्टीत जळण म्हणून वापरतात. कोंड्यापासून खाद्यतेल काढतात. मात्र कोंडा पडून राहिला, तर त्यातील तेल लवकर खवट होते, म्हणून तो वेळेवर तेल गिरणीत पोहोचवावा लागतो. कणीचे पीठ होते किंवा ती कोंबड्यांच्या खाद्यात जाते.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट, कामगार. यंत्राला तेलपाणी वेळेवर हवे आणि रबरी रोल झिजण्याआधी बदलायला हवेत, हे सर्वांना पटते. माणसाची काळजी मात्र विसरली जाते. गिरणीतील धूळ फुप्फुसांत जाते, म्हणून नाकातोंडावर कापड हवे. फिरत्या पट्ट्यात दुपट्टा किंवा धोतराचा सोगा अडकला, तर क्षणात अनर्थ होतो. फिरत्या यंत्राला कठडा असलाच पाहिजे, असे १९४८ च्या कारखाना कायद्यानेच सांगितले होते. २४ जानेवारी २०२५ रोजी आपल्याच जिल्ह्यातील जवाहरनगरच्या आयुध निर्माणीत स्फोट झाला आणि कामगार मृत्युमुखी पडले. वाया गेलेला तांदूळ पुढच्या हंगामात पुन्हा पिकतो. गेलेला माणूस घरी परत येत नाही. म्हणून उत्पादनाच्या हिशेबात सुरक्षिततेचा रकाना पहिला असावा.

राईस मिलमध्ये जे नियम आहेत, तेच वरठीच्या पोलाद कारखान्यात आणि गडेगावच्या ट्रकच्या कारखान्यातही आहेत. माल बदलतो, यंत्रे बदलतात, पण संथ जागा ओळखणे, प्रत्येक टप्प्यावर दर्जा राखणे, माल वेळेवर हजर ठेवणे आणि माणसाला जपणे हे बदलत नाही. विद्यार्थी मित्रांनो, उद्या तुमच्यापैकी कोणी कामगार होईल, कोणी अभियंता, कोणी गिरणीचा मालक. ताटातला भात कालवताना एवढे लक्षात ठेवा, की त्यातील प्रत्येक अख्खा दाणा कोणीतरी आपले काम नीट केल्यामुळे अख्खा राहिला आहे.

शब्दार्थ

भरडाई – धानापासून तांदूळ काढण्याचे काम
सडणे – धान कुटून टरफल व कोंडा काढणे
तूस – धानाचे टरफल
कणी – तुटलेला तांदूळ
पांद – शेतातून जाणारी अरुंद वाट
बंडी – बैलगाडी
बारदाना – रिकामी पोती
खळे – मळणीची जागा
आयुध निर्माणी – शस्त्रे व दारूगोळा तयार करण्याचा कारखाना
अनर्थ – मोठे संकट

स्वाध्याय

प्र. १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) राईस मिलचा कच्चा माल कोणता?
(आ) भरडाईच्या वेळी धानात सुमारे किती टक्के ओलावा असावा?
(इ) एचएमटी या जातीला ते नाव कशावरून पडले?

प्र. २. कारणे लिहा.
(अ) मोठा शेलर आणूनही गिरणीचे उत्पादन वाढले नाही.
(आ) कोंडा तेल गिरणीत लवकर पोहोचवावा लागतो.
(इ) सारख्या जातीचे धान एकत्र भरडतात.

प्र. ३. ‘चूक खळ्यावर झालेली असते आणि ती उघड होते गिरणीत’ या वाक्याचा अर्थ तुमच्या शब्दांत सांगा.

प्र. ४. कारखाना, मजूर, मालक, हिशेब, नमुना, दर्जा हे शब्द थोड्याफार फरकाने उर्दूतही आहेत. त्यांचा मराठी वाक्यांत उपयोग करा.

उपक्रम : शिक्षकांबरोबर जवळच्या राईस मिलला, बेकरीला किंवा वीटभट्टीला भेट द्या. तेथील कामाचे टप्पे क्रमाने लिहा आणि सर्वांत संथ टप्पा कोणता ते शोधा.