असईच्या मोहिमेंतील रसद आणि अंबडची चकमक

असईची लढाई म्हटली म्हणजे केळणा नदीचा उतार, शिंद्यांच्या तोफा आणि वेलस्लीचें धाडस एवढेंच बहुतेकांच्या ध्यानांत येतें. ता. २३ सप्टेंबर १८०३ हा दिवस इंग्रजांच्या व आपल्या ग्रंथांतून पुष्कळ वर्णिला गेला आहे. परंतु त्या दिवसाच्या मागेंपुढें इंग्रजांच्या दोन फौजा, वेलस्लीची व कर्नल स्टीव्हन्सनची, औरंगाबाद सुभ्यांत व त्याच्या उत्तरेस कित्येक महिने वावरत होत्या. त्या काय खात होत्या, तें धान्य कोणाच्या पाठीवरून येत होतें, आणि तें अडविण्याचें अगर पोंचविण्याचें सामर्थ्य कोणाच्या हातीं होतें, हा प्रश्न फारसा कोणी केलेला दिसत नाहीं. माझें मत असें कीं, या मोहिमेचा निकाल असईच्या रणांत जितका लागला, तितकाच पुढें पांच आठवड्यांनीं अंबड येथें लागला. आणि त्याचा देशी पुरावा गांवोगांवच्या दप्तरांतच शोधला पाहिजे.

कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत, सांग्रामिक नामक दहाव्या अधिकरणांत, सैन्याच्या आधाराचीं साधनें निरनिराळ्या संज्ञांनीं सांगितलीं आहेत. स्वदेशाहून अखंड येणारा पुरवठा तो वीवध. मित्राचें बळ तो आसार. भोंवतालच्या रानांतून मिळणारा चारा-सरपण तो प्रसार. वीवध म्हणजे मूळची खांद्यावरची कावड. १८०३ च्या मोहिमेंत इंग्रजांचा वीवध फार लांबचा होता, आसार बेभरंवशाचा होता, आणि प्रसारासाठीं लागणारें रान पावसानें दगा दिलेलें व मागील वर्षींच्या स्वाऱ्यांनीं तुडविलेलें होतें. शके १७२५ च्या संवत्सराचें नांव रुधिरोद्गारी होतें, हा योगायोगच. परंतु १८०३-०४ चा दुष्काळ दख्खनेंत दीर्घकाळ आठवला जात असे.

प्रथम आसाराची गोष्ट. प्रांताचा धनी एक नव्हता. सुभा निजामाचा, परंतु जालन्याचा किल्ला व परगणा शिंद्यांकडे. अंबड होळकरांनीं १८१८ च्या मंदसोरच्या तहानें सोडलें, म्हणजे तोंवर त्यांचा हक्क तेथें मानला जात होता. यशवंतराव होळकर तर या युद्धांत १८०४ च्या वसंतापर्यंत अलिप्तच राहिला. अशा प्रांतांत पाटलाकडे धान्य मागावयास येणाऱ्या स्वाराच्या मागें नक्की कोणाचें सरकार उभें आहे, हें पाटलासहि सांगतां आलें नसतें. त्यांत ता. ६ ऑगस्ट रोजीं, युद्धाच्या तोंडावरच, निजाम अल्ली मृत्यु पावला आणि सिकंदरजाह गादीवर आला. हैदराबादचा दरबार तहानें इंग्रजांचा मित्र. पण सरहद्दीवरचे किल्लेदार वाऱ्याची दिशा पाहत बसले. असईनंतर हजाराहून अधिक जखमी वेलस्लीच्या हातीं पडले असतां, त्यांस दौलताबादेच्या किल्ल्यांत घेण्यास तेथील किल्लेदारानें नकार दिला, आणि रुग्णालय अजिंठ्यास मांडावें लागलें. विजयी सेनापतीस मित्राच्याच किल्ल्याचें दार बंद! इंग्रज ग्रंथकार यास विश्वासघात म्हणतात. मला तसें वाटत नाहीं. उद्यां शिंदे परत आले तर आपलें डोकें राहील कीं नाहीं, एवढाच त्या किल्लेदाराचा हिशेब असावा. आणि असईच्या पूर्वी दोन महिने जो पाहील त्यास तो हिशेब चुकीचाहि वाटला नसता. स्टीव्हन्सनबरोबर असलेल्या निजामाच्या फौजेचा मुख्य राजा महिपतराम पुढें इंग्रजविरोधी पक्षाचा अग्रणी म्हणून गाजला, हेंहि येथें ध्यानांत ठेवावें.

मित्राकडून मिळेना, तेव्हां सर्व भार वीवधावर आला. वेलस्लीचें धान्य, दारूगोळा व पैसा दक्षिणेकडून, म्हैसूर व कृष्णाकांठाकडून येत असे. मध्यें भीमा व गोदा ऐन पुरांत. ऑगस्टच्या अखेरीस गोदावरी ओलांडतांना त्याच्या फौजेस कातड्यानें मढविलेल्या टोपलीवजा गोल नावा वापराव्या लागल्या. पावसाळ्यांत आपल्या काळ्या जमिनींत गाड्यांचीं चाकें आंसापर्यंत रुततात. म्हणून भिस्त पाठाळ बैलांवर. तोफांसाठीं त्यास म्हैसूरकडील अमृतमहाल जातीचे बैल विशेष प्रिय होते. तांदूळ व बैल असले म्हणजे माणसें मिळतात, आणि माणसें मिळालीं म्हणजे शत्रु जिंकतां येतो, अशा अर्थाचे उद्गार त्याच्या नांवावर प्रसिद्ध आहेत. मी शाळेंत असईची लढाई नकाशावर शिकवीत असें, तेव्हां क्रमिक पुस्तकांत तोफांची संख्या असे. बैलांचा उल्लेख मात्र नसे.

हा धडा इंग्रजांस बारा वर्षांपूर्वीं मिळाला होता, आणि तोहि मराठ्यांकडून. १७९१ च्या मे महिन्यांत श्रीरंगपट्टणापुढें बैल मेले, धान्य संपलें, आणि कॉर्नवॉलिसला वेढ्याच्या तोफा फोडून माघार घ्यावी लागली. त्याच वेळीं हरिपंत फडके व परशुरामभाऊ पटवर्धन यांच्या फौजा येऊन मिळाल्या. त्यांच्या लष्करी बाजारांत सर्व कांहीं विकत मिळत होतें; भाव चढे होते, पण उपासमार टळली. ज्या बाजाराच्या जोरावर मराठी फौजा महिनेच्या महिने परमुलखांत राहत, तो बाजार मुख्यतः वंजारी व लमाण यांच्या तांड्यांवर उभा असे. (आज वंजारी व बंजारा हे समाज निराळे मानले जातात, जुन्या कागदांत धान्य वाहणाऱ्यास पुष्कळदां केवळ वंजारी म्हटलेलें आढळतें. कागद वाचणाऱ्यानें येथें सावध असावें.) तांड्याचा नाईक कोणाचाहि चाकर नव्हे. रोख दाम, वाटेंत संरक्षण आणि जकातीची माफी जेथें मिळेल तेथें त्याचे बैल जात. भंगी व जंगी या दोन नाइकांस शहाजहानचा वजीर असफखान यानें दक्षिणेच्या स्वारींत ताम्रपटावर सुवर्णाक्षरीं सनद दिली, अशी त्यांच्यांत परंपरा आहे. पाणी प्रथम, छपराचें गवत हवें तेवढें, आणि दिवसास तीन खून माफ, असा तिचा आशय सांगतात. मूळ पट पारखल्यावांचून मी तिला अस्सल म्हणणार नाहीं. तथापि धान्य वाहणारा लष्कराकडून काय मागत असे, हें तीवरून स्पष्ट कळतें.

आतां अंबड. असईनंतर रघूजी भोसले शिंद्यांपासून निराळा होऊन ऑक्टोबरांत गोदावरीच्या बाजूस उतरला. त्याचा डाव बरोबर होता. समोरासमोरच्या लढाईंत इंग्रजी पायदळापुढें निभाव लागत नाहीं, तर त्याचा दाणागोटा तोडावा, ही मराठ्यांची जुनी नीति. या सुमारास सुमारें चौदा हजार बैलांची रसद दक्षिणेकडून येत होती. तिच्यावर भोसल्यानें आपले पांच हजारांच्या घरांतले स्वार सोडले. संरक्षणास कॅप्टन बेन्स याच्या हाताखालीं पायदळाच्या कांहीं कंपन्या, म्हैसूरचे स्वार व लहान तोफा, एवढेंच बळ. ता. ३१ ऑक्टोबर रोजीं अंबड येथें गांठ पडली. बेन्सनें जागा धरून हल्ला परतविला, आणि रसद सुखरूप वेलस्लीस पोंचली.

वेलस्लीच्या छापील पत्रांत अंबडचें स्पेलिंग असें आहे कीं, नवखा वाचक तें राजपुतान्यांतील आंबेर समजेल. ही चकमक उपेक्षित राहण्याचें तेंहि एक कारण असावें.

चौदा हजार बैल म्हणजे काय, याची थोडी कल्पना करूं. चार-चार बैल एका ओळींत धरले आणि ओळीस सहा हात जागा दिली, तरी तांड्याचें शेंपूट तीन कोसांवर राहतें. पांच हजार स्वारांस ही रांग कोठेंहि कापतां आली असती. म्हणूनच ती चालती न ठेवतां गांवाच्या आश्रयास एकत्र दाबून धरणें हाच एक उपाय होता. पण मग बैलांनीं खाल्लें काय? बैलामागें दिवसास पांच पेंढ्या धरल्या तरी सत्तर हजार पेंढ्या होतात. ऑक्टोबरच्या अखेरीस, अवर्षणाच्या सालीं, एवढी वैरण कोणत्या गंजींत असणार? अंबडच्या पंचक्रोशींतील उभीं पिकें त्या दिवसांत साफ झालीं असलीं पाहिजेत. हें अनुमान आहे, हें मी जाणतों. इंग्रजी पत्रांत त्याविषयीं अक्षर नाहीं.

ही रसद गेली असती तर काय झालें असतें? वेलस्लीस गोदावरीकडे परतावें लागलें असतें, असें मला वाटतें. ती पोंचली, म्हणून ता. २९ नोव्हेंबरास वऱ्हाडांत अडगांवची लढाई व ता. १५ डिसेंबरास गाविलगड शक्य झाला. ता. १७ डिसेंबरास देवगांवचा व ता. ३० रोजीं सुर्जी-अंजनगांवचा तह झाला. दुसऱ्यानें अजिंठ्याच्या डोंगराच्या दक्षिणेचा शिंद्यांचा मुलूख, जालन्यासह, सुटला आणि १८०४ च्या वांटणींत तो निजामास मिळाला. ज्याच्या किल्लेदारांनीं दारें लाविलीं त्याच्याच पदरांत जालना पडलें. इंग्रजांची तैनाती फौज मात्र त्या ठाण्यास चिकटली. १८१७ च्या डिसेंबरांत डव्हटन नागपुरावर गेला तो जालन्याहूनच.

हा सर्व वृत्तांत इंग्रजी बाजूचा आहे. वैरण कोणीं दिली, वाटाडे कोणत्या गांवचे, वेठीस किती माणसें धरलीं, नुकसानीबद्दल पाटलानें कोणाकडे सूट मागितली, हें देशमुख, देशपांडे व कुळकर्णी यांच्या मोडी दप्तरांतूनच निघूं शकेल. आपण संग्राहक सनदा, शिक्के व राजपत्रें प्रथम उचलतों आणि गांवखर्चाचे ताळेबंद रद्दी म्हणून सोडतों. प्रस्तुत प्रश्नास तेच ताळेबंद हवेत. जालना जिल्हा १९८१ सालीं झाला. तत्पूर्वींचे कागद औरंगाबाद, परभणी व हैदराबाद येथें विखुरले गेले असतील, पण घरगुती रुमाल वाड्यांतच राहतात. अंबड, बदनापूर, भोकरदन, जाफराबाद या बाजूच्या एखाद्या रुमालावर सन अर्बा मयातैन व अलफ अथवा फसली १२१३ असा आंकडा आढळल्यास तो सोडूं नये. आंत वैरण, गोणी, वाटाडे, लष्करखर्च असे शब्द येतात कीं काय तें पाहावें, आणि पान जीर्ण असल्यास उलगडण्यापूर्वीं त्याची प्रतिमा घ्यावी.