लहान गांवचें नभोवाणी-केंद्र

अमेरिकेंतील संयुक्त संस्थानांत, मोठ्या शहरापासून शे-दीडशें मैल दूर असलेल्या एखाद्या लहान गांवाची कल्पना करावी. एक हमरस्ता, त्यावर न्यायकचेरी, दोन-तीन प्रार्थनामंदिरें, एक शाळा, धान्याचें कोठार, आणि गांवाबाहेर गवताच्या माळावर एकटाच उभा असलेला लोखंडी मनोरा. मनोऱ्यापाशीं किंवा हमरस्त्यावर एक बैठी इमारत असते. सकाळीं सहाच्या सुमारास तेथून मक्याचे व गव्हाचे भाव, हवामान, आदल्या दिवशीं वारलेल्या माणसांचीं नांवें, बर्फ पडल्यामुळें शाळा बंद आहे कीं काय याची वार्ता, आणि कोणाला जुनी शेगडी किंवा ट्रॅक्टर विकावयाचा आहे याची माहिती, इतक्या गोष्टी सांगितल्या जातात. राजधानीला यांपैकीं एकीचेंहि महत्त्व नाहीं. त्या गांवाला मात्र सर्वांचें आहे. अशा केंद्राचा संसार कसा चालत आला, आणि अलीकडे तो कां चालेनासा झाला, हें समजून घेण्यासारखें आहे. कारण त्यांत विज्ञान, कायदा आणि व्यापार या तिहींचे धागे एकमेकांत गुंतलेले आहेत.

ध्वनिक्षेपण सुरू झाल्यावर प्रत्येक देशापुढें पहिला प्रश्न उभा राहिला तो पैशाचा. ऐकणाराकडे तिकीट मागण्याची सोय नाहीं. मग बोलणाराचें पोट कोणीं भरावें? इंग्लंडनें यंत्र बाळगणारांवर परवान्याची फी बसविली. हिंदुस्थानांतहि तोच मार्ग धरण्यांत आला. परंतु २३ जुलै १९२७ रोजीं मुंबईस केंद्र उघडणारी इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनी त्या तुटपुंज्या उत्पन्नावर तीन वर्षेंहि तगली नाहीं. १९३० च्या मार्चमध्यें ती गुंडाळावी लागली आणि पुढील महिन्यांत सरकारनें तें काम हातीं घेतलें. अमेरिकेची वाट निराळी. २ नोव्हेंबर १९२० रोजीं पिट्सबर्गच्या के. डी. के. ए. केंद्रानें अध्यक्षीय निवडणुकीचे निकाल ऐकविले, आणि १९२२ च्या ऑगस्टमध्यें न्यूयॉर्कच्या डब्ल्यू. ई. ए. एफ. केंद्रानें पैसे घेऊन जाहिरातीचें भाषण क्षेपित केलें. श्रोत्याला ऐकणें फुकट आणि खर्च दुकानदाराच्या माथीं, हा रिवाज तेथें पडला, तो असा. लहान गांवचें केंद्र या रिवाजावरच उभें राहिलें.

आतां आकाशाची बाजू पाहावयाची. या केंद्रांचा आवाज मध्यम लांबीच्या लहरींवरून जातो. अमेरिकेंत त्यासाठीं ५३५ ते १७०५ किलोहर्ट्झ हा पट्टा राखलेला असून त्यांत दहा-दहा किलोहर्ट्झच्या अंतरानें मार्ग आंखलेले आहेत. आवाजाच्या चढउताराप्रमाणें लहरीची उंची कमीजास्त करावयाची, ही ए. एम. पद्धतीची युक्ति. दिवसां ही लहर जमिनीला धरून चालते. ओलसर, सुपीक मातीवर ती दूर जाते आणि खडकाळ मुलखांत लवकर थकते. लहरीचा जो भाग वर आकाशाकडे जातो, त्याला सूर्यप्रकाशामुळें निर्माण झालेला वातावरणाचा एक विद्युद्भारित थर गिळून टाकतो. सूर्य मावळला कीं हा थर विरतो, आणि त्याच्या वरचे थर आरशाप्रमाणें लहरी परत पृथ्वीकडे फेकूं लागतात. त्यामुळें दिवसां थोड्याच मैलांवर संपणारा आवाज रात्रीं शेंकडों मैलांवर जाऊन पडतो.

दूरचीं केंद्रें पकडण्याची हौस असणाराला यांत मोठी मौज वाटते. लहान केंद्राला मात्र ही रात्र वैऱ्याची असते. दूर गेलेला आवाज तेथें कोणाच्या उपयोगीं पडत नाहीं. उलट तेथल्या केंद्राच्या आवाजांत मिसळून दोघांचाहि बोजवारा उडवितो. म्हणून १९२८ सालीं तेव्हांच्या फेडरल रेडिओ कमिशननें मार्गांची प्रतवारी लावली, आणि १९३४ सालीं स्थापन झालेल्या फेडरल कम्युनिकेशन्स कमिशननें ती व्यवस्था पुढें चालविली. बड्या केंद्रांना पन्नास किलोवॅट शक्ति व रात्रींचें मोकळें आकाश मिळालें. अगदीं स्थानिक केंद्रांसाठीं आज १२३०, १२४०, १३४०, १४००, १४५० आणि १४९० असे सहा मार्ग आहेत. त्यांवर एक किलोवॅटहून अधिक शक्ति वापरतां येत नाहीं, आणि एकेका मार्गावर देशभर शंभराहून अधिक केंद्रें दाटीवाटीनें बसलेलीं आहेत. रात्रीं असा मार्ग लावला तर जत्रेंतल्यासारखा गलका ऐकूं येतो, आणि गांवचा आवाज वेशीपासून थोड्याच अंतरावर त्या गर्दींत हरवतो.

दुसऱ्या कित्येक केंद्रांची अवस्था याहूनहि बिकट झाली. त्यांना परवानाच दिवसापुरता मिळाला. सूर्यास्त झाला कीं यंत्र बंद. हिवाळ्यांत उत्तरेकडील संस्थानांत साडेचार-पांचालाच अंधारून येतें. म्हणजे लोक मोटारींतून घरीं परततात, आणि म्हणून जाहिरातीला अधिक मोल येतें, नेमकें त्याच वेळीं केंद्र मुकें होतें. शुक्रवारीं रात्रीं शाळेच्या फुटबॉलच्या सामन्याकडे साऱ्या गांवाचें लक्ष लागलेलें असतें. तोहि ऐकवितां येत नाहीं. पुढें यांतील पुष्कळांना रात्रीं अल्प शक्तीनें बोलण्याची मुभा मिळाली. परंतु कांहींच्या बाबतींत ही शक्ति घरांतल्या एखाद्या दिव्याला लागते तेवढीच असते.

मनोऱ्याचें प्रकरणहि वाटतें तितकें साधें नाहीं. एफ. एम. केंद्राला उंच जागीं लहानसें एरिअल टांगलें म्हणजे भागतें. ए. एम. केंद्रांत सबंध मनोरा हेंच एरिअल. तो चिनीमातीच्या आधारावर जमिनीपासून अलग उभारलेला असतो, आणि त्याची उंची साधारणतः लहरीच्या चौथ्या हिश्शाएवढी ठेवतात. १२४० किलोहर्ट्झची लहर सुमारें २४२ मीटर लांब. तेव्हां मनोरा साठ मीटरांचा. खरें धन मात्र जमिनीखालीं असतें. मनोऱ्याच्या पायथ्यापासून चाकाच्या आऱ्यांप्रमाणें चोहोंकडे बहुधा १२० तांब्याच्या तारा पुरलेल्या असतात. प्रत्येक तार साठ मीटरांची धरली तर सात किलोमीटरांहून अधिक तार होते, आणि तिच्यासाठीं तीन एकरांच्या आसपास जमीन मोकळी ठेवावी लागते. गांव वाढत वाढत मनोऱ्यापर्यंत आला कीं या जमिनीचें मोल केंद्राच्या मोलाहून अधिक ठरतें. मग मालकाच्या वारसांना हिशेब सोपा वाटतो: जमीन विकावी, मनोरा पाडावा आणि परवाना परत करावा.

मनोरा नाहींसा झाल्यावर काय होतें याचें उदाहरण २०२४ च्या फेब्रुवारींत दिसलें. अलाबामा संस्थानांतील जॅस्पर येथील १२४० किलोहर्ट्झवरील केंद्रानें आपला दोनशें फुटी मनोरा चोरीस गेल्याचें जाहीर केलें. त्याचा कार्यक्रम एका लहान एफ. एम. यंत्रावरूनहि ऐकूं येत असे. तेंहि त्याला बंद ठेवावें लागलें. कायद्याच्या दृष्टीनें तें एफ. एम. यंत्र म्हणजे मूळ आवाजाचा पडसाद. मूळ आवाज थांबला तर पडसादाला अधिकार उरत नाहीं.

हा एफ. एम. च ए. एम. चा खरा प्रतिस्पर्धी. एडविन आर्मस्ट्राँग यांना १९३३ सालीं त्याचीं पेटंटें मिळालीं. या पद्धतींत लहरीची उंची कायम राहून तिची कंपनसंख्या बदलते. म्हणून विजेच्या कडकडाटाची खरखर तींत शिरत नाहीं. ए. एम. ला हें कवच नाहीं. आकाशांतील वीज, रस्त्यावरील सदोष तारा, नव्या धर्तीचे दिवे, संगणक, हीं सारीं आपापली खरखर त्याच पट्ट्यांत ओततात. १९७० नंतरच्या दशकाच्या अखेरीस अमेरिकन श्रोत्यांची बहुसंख्या एफ. एम. कडे वळली. संगीत तिकडे गेलें; इकडे बोलणें तेवढें उरलें.

इतकें असूनहि गांवचें केंद्र तगलें असतें, जर गांवचा बाजार पूर्वींचा राहिला असता. एक किलोवॅटच्या यंत्राला चोवीस तासांत लागणारी वीज फार नसते. खर्च होतो तो माणसांवर, यंत्रांच्या दुरुस्तीवर, गीतकारांच्या संस्थांना द्यावयाच्या मोबदल्यावर आणि सरकारी वार्षिक शुल्कावर. हा भार पूर्वीं कापडवाला, लोखंडी सामानवाला, औषधवाला, मोटारी विकणारा अशा गांवांतल्याच मालकांनीं उचलला. केंद्राचा माणूस सकाळीं बातम्या वाची आणि दुपारीं त्याच दुकानांतून जाहिराती गोळा करी. हमरस्त्याबाहेर साखळी दुकान आलें, तशीं हीं दुकानें एकामागून एक बंद पडलीं; आणि साखळी दुकानाची जाहिरात कोठें द्यावी हें दूरच्या कचेरींत ठरतें. त्यांत १९९६ च्या कायद्यानें एका मालकाकडे देशांत किती केंद्रें असावींत याची मर्यादाच काढून टाकली. अनेक लहान केंद्रें मोठ्या कंपन्यांच्या हातीं गेलीं, आणि उपग्रहावरून आलेला दूरचा कार्यक्रम त्या इमारतींतून, तेथें माणूस नसतांहि, दिवसरात्र वाजूं लागला.

माणूस नसण्याचा अर्थ कांहीं वेळां फार कठोर असतो. १८ जानेवारी २००२ रोजीं मध्यरात्रीनंतर दीड वाजण्याच्या सुमारास नॉर्थ डकोटा संस्थानांतील मायनॉट शहराजवळ एक मालगाडी रुळांवरून घसरली आणि अमोनियाचा विषारी ढग वस्तीवर पसरला. एक मनुष्य मेला, शेंकडोंना कमीजास्त इजा झाली. शहरांतील सहाहि व्यापारी केंद्रें एकाच कंपनीच्या मालकीचीं होतीं. पोलिसांनीं टेलिफोन केला, तेव्हां तो कोणी उचलला नाहीं. संकटसूचनेचें यंत्र पोलिसांनीं नीट वापरलें नाहीं, असें कंपनीचें म्हणणें होतें. दोष कोणाचाहि असो. घाबरून रेडिओ लावणाऱ्या नागरिकाला आपल्या गांवचा आवाज त्या घटकेस मिळाला नाहीं, एवढें खरें. याच्या उलट, २०२४ च्या सप्टेंबरअखेर हेलीन वादळानें नॉर्थ कॅरोलिनाच्या डोंगराळ भागांतील वीज, टेलिफोन व इंटरनेट हीं सारीं बंद पाडलीं, तेव्हां बॅटरीवरील साध्या रेडिओवरून पाणी कोठें मिळेल आणि कोणता रस्ता खुला आहे हें लोकांना कळत राहिलें.

उपाय झाले नाहींत असें नाहीं. २००९ पासून ए. एम. केंद्रांना आपला कार्यक्रम लहान एफ. एम. यंत्रावरून पुनःक्षेपित करण्याची परवानगी मिळाली. सूर्यास्ताला गप्प बसणाऱ्यांना त्यामुळें रात्र परत मिळाली. २०१५ सालीं नियम आणखी सैल झाले, आणि २०२० सालीं संपूर्णपणें अंकीय क्षेपणाची मुभा देण्यांत आली. पण अंकीय आवाज जुन्या यंत्रांवर ऐकूंच येत नसल्यानें हें पाऊल उचलणारे थोडे. त्यांतच विजेवर चालणाऱ्या मोटारींच्या यंत्रांतून निघणाऱ्या खरखरीचें कारण सांगून कित्येक कारखानदारांनीं ए. एम. ग्राहक काढून टाकला. २०२३ सालीं फोर्ड कंपनीनें असा बेत जाहीर करून मे महिन्यांत तो मागें घेतला, आणि प्रत्येक मोटारींत ए. एम. असावा असें विधेयकहि त्याच वर्षीं काँग्रेसपुढें आलें.

अमेरिकन कायद्यांत एक कलम आहे: जें केंद्र सलग बारा महिने मुकें राहील, त्याचा परवाना आपोआप संपतो. म्हणून पैशाअभावीं बंद पडलेलें एखादें केंद्र वर्ष भरण्यापूर्वीं थोडे दिवस जागें होतें, कांहीं तास बोलतें आणि पुन्हां झोपी जातें. त्या थोड्या तासांत कोणी ऐकत असेल कीं नाहीं, हें कायदा विचारीत नाहीं. गांवाला मात्र तें विचारावें लागेल. मनोरा पडल्यावर त्या जागीं घरें उठतील, आणि त्या घरांत जगांतील सर्व संगीत व सर्व वार्ता पोंचतील. परंतु उद्यां सकाळीं बर्फामुळें शाळा भरणार आहे कीं नाहीं, आणि काल रात्रीं शेजारच्या गल्लींत कोण वारलें, हें सांगणारा ओळखीचा आवाज त्यांत असेलच असें नाहीं.